साठीनंतर सैल पडलेल्या दंडांसाठी घरच्या घरी करायचा व्यायाम

प्रश्न: फोंडा तालुक्यातील 64 वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेने विचारले आहे की, त्यांच्या दंडांचा मागचा भाग सैल होऊन लोंबू लागला आहे. मुलीने मोबाईलवर पाठविलेला व्हिडिओ पाहून त्यांनी दोन महिने रोज हात बाजूला पसरून शंभर-शंभर वेळा गोल फिरवले, पण फरक पडला नाही. रक्तदाबाची गोळी चालू आहे, गुडघे दुखतात, जमिनीवर बसता येत नाही आणि वरच्या फळीवरचा डबा काढताना उजवा खांदा दुखतो. व्यायामशाळेत जाण्याची इच्छा नाही. डिसेंबरात भाचीचे लग्न आहे. चवथ (गणेश चतुर्थी) आटोपल्यावर सुरुवात केली तर तोवर घरच्या घरी काही साधेल का?

उत्तर: साधेल, आणि त्यासाठी लागणारे बहुतेक साहित्य आपल्या स्वयंपाकघरातच आहे. मी भौतिकोपचाराच्या (फिजिओथेरपीच्या) क्षेत्रात बरीच वर्षे काम करते आहे आणि साठी ओलांडलेल्या स्त्रिया हा प्रश्न मला नेहमी विचारतात. बहुधा संकोचून, गुडघ्याची किंवा कंबरेची तक्रार सांगून झाल्यावर, उठता उठता. संकोचाचे काहीच कारण नाही. सैल दंडामागे पुष्कळदा कमी झालेली ताकद असते, आणि ताकद या वयातही परत मिळवता येते.

आधी आपले दोन महिन्यांचे परिश्रम का फळले नाहीत ते सांगते. हात पसरून गोल फिरवताना आपण उचलता ते केवळ हाताचे स्वतःचे वजन, आणि ते पेलण्याचे काम मुख्यतः खांद्याच्या स्नायूंवर पडते. दंडाच्या मागे असलेला स्नायू, ज्याला ट्रायसेप्स म्हणतात, तो या हालचालीत कोपर ताठ ठेवण्यापलीकडे फारसे काही करत नाही. शिवाय जी हालचाल शंभर वेळा करता येते, तिच्यात स्नायूला वाढायला भाग पाडण्याइतका भार नाही हे उघड आहे. त्यातून आपला खांदा आधीच दुखतो. थकलेल्या खांद्याने हात तिरपे, वर-खाली होत फिरत राहिले की तो अधिकच दुखावतो. म्हणून हा प्रकार आजपासून पूर्णपणे थांबवावा.

दंड सैल दिसतो तेव्हा तेथे त्वचा, तिच्याखालची चरबी आणि त्याखालचा स्नायू या तिन्हींत बदल झालेला असतो. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्वचेतील कोलेजन, म्हणजे तिला घट्ट ठेवणारे प्रथिन, झपाट्याने कमी होते आणि त्वचेची ओढ जाते. व्यायामाने ती परत येत नाही, तेलाच्या मालिशाने येत नाही आणि दंडाला गुंडाळायच्या पट्ट्यांनी तर मुळीच येत नाही. चरबीचे म्हणाल तर ज्या जागेचा व्यायाम करावा तेथलीच चरबी वितळते ही समजूत फार जुनी आणि फार लोकप्रिय असली तरी खरी नाही. टेनिसपटूंच्या हातांवर 1971 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या बाबतीत बोलका आहे: वर्षानुवर्षे रॅकेट धरणारा हात दुसऱ्या हातापेक्षा भरदार होता, पण दोन्ही हातांच्या त्वचेखालच्या चरबीच्या थराची जाडी मात्र सारखीच निघाली. राहिला स्नायू. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण 3 ते 8 टक्के स्नायू घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. आत भरलेला स्नायू आटला की त्यावरची त्वचा आणि चरबी, उशीतला कापूस कमी झाल्यावर अभ्रा लोंबावा तशी लोंबते. आपल्या हाती आहे तो हा कापूस परत भरणे, आणि दंडाच्या एकूण स्नायूंपैकी जवळजवळ दोन तृतीयांश वाटा ट्रायसेप्सचा असल्यामुळे मेहनत प्रथम त्याच्यावर घ्यायची.

येथे पुष्कळ जणी मला अडवतात आणि म्हणतात, “जन्मभर घरकाम केले, विहिरीचे पाणी ओढले, नारळ किसले, मग हात कमजोर कसे?” प्रश्न रास्त आहे. पण घरकामातल्या हालचाली नीट पाहिल्या तर त्यांत कोपर दुमडून ओढणे आणि उचलणे बहुतांश असते: कळशी, पिशवी, बादली, नातवंड. कोपर ताठ करत एखादी वस्तू जोराने ढकलण्याचे प्रसंग फार थोडे येतात, आणि ट्रायसेप्सचे काम नेमके तेच आहे. दुसरे असे की घरकामाचा भार वाढत नाही. गेल्या वर्षी जी बादली उचलत होतो तीच या वर्षी उचलतो, आणि मिक्सर व पंप आल्यापासून तर तोही भार घटला आहे. स्नायूला पुरेसे जड ओझे मिळाले आणि ते हळूहळू वाढत गेले तरच तो वाढतो. वय त्याला आड येत नाही. बोस्टनमधील एका वृद्धसेवा संस्थेत नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त व्यक्तींकडून आठ आठवडे पायांचे जड वजनाचे व्यायाम करून घेतले, तेव्हा त्यांची पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. हा अभ्यास 1990 साली प्रसिद्ध झाला. आपण तर चौसष्ट वर्षांच्या आहात.

तेव्हा आपला कार्यक्रम ढकलण्यापासून सुरू करू. त्यासाठी घरातली भिंत पुरेशी आहे.

भिंतीसमोर, हात सरळ पुढे केल्यावर तळवे टेकतील इतक्या अंतरावर, अनवाणी किंवा न घसरणारी चप्पल घालून उभे राहावे. पावसाळ्यात आपल्याकडच्या गुळगुळीत फरशा दमट होतात. त्यावर पायमोजे घालून हा व्यायाम करणे धोक्याचे आहे. दोन्ही तळवे भिंतीवर छातीच्या उंचीला, खांद्यांपेक्षा किंचित खाली टेकवावेत. तळवे खांद्यांच्या वर गेले की खांद्यात घर्षण वाढते, आणि आपला उजवा खांदा लगेच तक्रार करील. पोट किंचित आत घेऊन टाचेपासून डोक्यापर्यंत शरीर एका सरळ रेषेत ठेवावे आणि मनात तीन आकडे मोजेपर्यंत कोपर दुमडत छाती भिंतीकडे न्यावी. कोपरे पक्ष्याच्या पंखांसारखी बाजूला पसरू देऊ नयेत. ती बरगड्यांच्या जवळून मागे गेली पाहिजेत, कारण त्यामुळे भार दंडाच्या मागच्या भागावर येतो आणि खांदा वाचतो. मग श्वास सोडत भिंतीला ढकलून परत यावे आणि शेवटी कोपर पूर्ण सरळ करावे, पण झटका देऊन कुलूपबंद करू नये. नवशिक्या स्त्रियांचे दोन दोष मला नेहमी दिसतात. एक म्हणजे छातीऐवजी नाक भिंतीकडे नेणे, ज्यात सारे काम मान करते. दुसरा म्हणजे खांदे कानांकडे उचलले जाणे. समोर आरसा लावता येत नसेल तर घरातल्या कोणाला तरी बाजूने पाहायला सांगावे.

अशी दहा-बारा आवर्तने झाल्यावर मिनिट-दीड मिनिट थांबून दुसरी फेरी करावी. शेवटची दोन आवर्तने कष्टाने व्हावीत, तरी शरीराची रेषा मोडू नये. भार बरोबर असल्याची हीच खूण आहे. शून्य म्हणजे आरामात बसणे आणि दहा म्हणजे अजिबात न जमणे असे धरले, तर सुरुवातीला पाच-सहाच्या आसपास श्रम वाटावेत आणि महिन्याभरानंतर सात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे व्यायामातही नाडी फारशी वाढत नाही, म्हणून हातातल्या घड्याळातील नाडीच्या आकड्यापेक्षा ही आपली स्वतःची मोजपट्टी अधिक विश्वासाची आहे. दोन फेऱ्यांत पंधरा-पंधरा आवर्तने सलग दोन वेळा सहज झाली की पाय भिंतीपासून वीतभर मागे न्यावेत. तेही सोपे झाले की भिंत सोडून स्वयंपाकाच्या ओट्याच्या कडेवर हात टेकवावेत. ओटा कोरडा पुसून घ्यावा, कारण ग्रॅनाइटवर तेलाचा हलका थर असतो आणि तो हाताला लवकर जाणवत नाही. हात जितके खाली, तितका देहाचा अधिक भार हातांवर येतो. ओट्यानंतरची पायरी हवी असेल तर जुन्या घरांच्या बाल्कांवातील, म्हणजे दारासमोरच्या ओसरीतील, चिरेबंदी सोपा (बसायचा कट्टा) उत्तम, पण तेथवर पोहोचण्याची डिसेंबरापूर्वी घाई नको. मनगट दुखत असेल, आणि या वयात पुष्कळ स्त्रियांना ते दुखते, तर तळव्याच्या टाचेखाली दुमडलेला टॉवेल ठेवावा किंवा ओट्याची कड मुठीत धरून ढकलावे.

दुसरा व्यायाम थेट ट्रायसेप्ससाठी आहे आणि तो पलंगावर उताणे पडून करायचा, त्यामुळे गुडघ्यांचा किंवा तोल जाण्याचा प्रश्न येत नाही. गुडघे दुमडून पावले गादीवर ठेवावीत. पाण्याची बाटली दोन्ही हातांनी आडवी धरून हात छताकडे सरळ करावेत. आता दंड जागच्या जागी खांबासारखे ठेवून फक्त कोपरे दुमडावीत आणि बाटली हळूहळू कपाळाच्या वर आणावी. मग श्वास सोडत हात पुन्हा सरळ करावेत. दंड पुढे-मागे झुलू लागले तर काम खांद्याकडे जाते आणि व्यायामाचा हेतू फसतो. बाटली दोन्ही हातांनीच धरण्याचा आग्रह अशासाठी की आपल्याकडच्या दमट हवेत हाताला घाम सुटतो आणि घसरलेली बाटली थेट चेहऱ्यावर येते. तिच्याभोवती पातळ सुती पंचा गुंडाळला म्हणजे पकड चांगली बसते.

बाटलीचा मोठा फायदा म्हणजे तिचे वजन थोडेथोडे वाढवता येते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. लिटरची बाटली अर्धी भरून सुरुवात करावी आणि जमेल तसे पाव-पाव लिटर पाणी वाढवावे. बाटली पूर्ण भरूनही हलकी वाटू लागली की तीच कोरड्या वाळूने भरावी, म्हणजे साधारण दीड किलो होते. विकतच्या डंबेलमध्ये पुष्कळदा एकावरून एकदम दोन किलोवर जावे लागते आणि चौसष्ट वर्षांच्या कोपराला ही उडी मोठी असते. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत डंबेल घेण्याची गरज मला वाटत नाही.

एका व्यायामाविषयी मात्र सावध करते, कारण तो दंडांसाठी हमखास सुचवला जातो: खुर्चीच्या किंवा पलंगाच्या कडेला हात मागे टेकून देह खाली सोडायचा आणि वर उचलायचा. यात खांदा मागच्या बाजूला टोकाला ताणला जातो, त्यावर शरीराचे वजन येते आणि आधीच झिजलेले स्नायुबंध दुखावू शकतात. आपण तो करूच नये. त्याऐवजी भक्कम लाकडी हातांच्या खुर्चीत बसून, पावले जमिनीवर टेकवून, खुर्चीचे हात दाबत बूड चार बोटे वर उचलावे आणि सावकाश खाली यावे. गरज पडेल तितकी पायांची मदत घ्यावी आणि ती आठवड्यागणिक कमी करावी. प्लास्टिकची खुर्ची यासाठी चालणार नाही. फरशीवर तिचे पाय पसरतात. गुडघे दुखणाऱ्या स्त्रीला या व्यायामाचा दिसण्यापलीकडचा फायदा होतो, कारण खुर्चीतून, कमोडवरून किंवा बसच्या सीटवरून उठताना गुडघ्यांवरचा बराच भार हे हात उचलू लागतात.

केवळ ढकलण्याचे व्यायाम केले तर खांदे पुढे झुकतात, म्हणून ओढण्याचा एक व्यायाम जोडीला हवाच. घरकामातल्या ओढण्यात पाठ वाकलेली असते. येथे ती ताठ ठेवायची. खुर्चीत ताठ बसून रबरी पट्टा, म्हणजे थेराबँड, दोन्ही तळपायांच्या मध्यभागातून घ्यावा आणि कोपरे कमरेला घासत मागे नेऊन दोन्ही खांद्यांची पाती एकमेकांजवळ आणावीत. दोन आकडे थांबून सावकाश सोडावे. पिवळा किंवा लाल, म्हणजे हलक्या ताणाचा, पट्टा सुरुवातीला पुरे. गोव्याच्या हवेत हे पट्टे चिकटतात आणि लवकर जीर्ण होतात. त्यांना थोडी टाल्कम पावडर लावून कपाटात ठेवावे, उन्हात वाळत घालू नये, आणि कडेला बारीक चीर दिसताच टाकून द्यावे, कारण ताणलेला पट्टा तुटला तर डोळ्याला इजा होऊ शकते.

बायसेप्ससाठी, म्हणजे दंडाच्या पुढच्या भागासाठी, वेगळा वेळ काढायचाच असेल तर बसून बाटली खांद्याकडे उचलण्याची एक फेरी पुरे. घरकामात त्याला बरेच काम मिळते. मुठीची पकड मात्र विसरू नये. आशियाई देशांतील तज्ज्ञांच्या गटाने 2019 साली स्त्रियांच्या पकडीसाठी 18 किलोची मर्यादा ठरवली असून त्याखालची पकड हे स्नायू घटल्याचे एक लक्षण मानले जाते. पकड मोजण्याचे यंत्र घरी नसते, पण लोणच्याच्या बरणीचे झाकण उघडायला कोणाला तरी हाक मारावी लागत असेल तर समजायचे ते समजावे. त्यासाठी कापडी हातांच्या दोन पिशव्यांत दोन-दोन किलो तांदूळ घालून, दोन्ही हातांत समान वजन घेऊन, खांदे खाली आणि मान सरळ ठेवून, घरातल्या घरात अर्धा मिनिट चालावे. असे तीन वेळा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून एकाच हातात सारे ओझे लटकवून बसस्टँडपर्यंत येणे हा मात्र व्यायाम नव्हे. त्याने कंबर आणि मान तेवढी दुखावते.

हे सगळे आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस करावे आणि दोन दिवसांच्या मध्ये एक दिवस मोकळा ठेवावा, कारण स्नायूची भरपाई त्या मोकळ्या दिवशी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांतही 65 वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम सांगितले असून तोल सांभाळण्याचे व्यायाम तीन दिवस सुचवले आहेत. सुरुवातीला पाच मिनिटे जागच्या जागी चालून आणि खांदे मागे फिरवून अंग गरम करावे. सर्व मिळून अर्ध्या तासापेक्षा अधिक वेळ लागत नाही. वेळ सकाळची किंवा पाचनंतरची ठेवावी. वीज गेलेल्या दुपारी, पंखा बंद असताना व्यायाम करण्याचा हट्ट करू नये.

श्वासाबद्दल थोडे अधिक सांगते, कारण आपल्याला रक्तदाब आहे. जोर लावताना श्वास कोंडून धरला की रक्तदाब क्षणार्धात बराच वर जातो. श्वास कधी घ्यावा आणि कधी सोडावा हे पाठ करण्यात पुष्कळ जणींचा गोंधळ होतो. त्यांना मी आवर्तने मोठ्याने मोजायला सांगते, कारण आकडा तोंडाने उच्चारताना श्वास कोंडता येत नाही. आपण शिक्षिका होता, पाढे म्हटले तरी चालतील. विश्रांतीच्या स्थितीत रक्तदाबाचा वरचा आकडा 180 च्या किंवा खालचा 110 च्या वर असेल त्या दिवशी वजन हाती घेऊ नये आणि डॉक्टरांशी बोलावे.

उजव्या खांद्याची तपासणी मात्र व्यायाम सुरू करण्यापूर्वी घरी स्वतः करून पाहावी. हात मागे नेऊन ब्लाउजचे हुक लावता येतात का, आणि कोपर कमरेला चिकटवून पंजा बाहेर वळवल्यास तो डाव्याइतका वळतो का, हे पाहावे. दोन्ही हालचाली अडखळत असतील तर खांदा आखडला असण्याची शक्यता आहे. मधुमेही व्यक्तींत हे अधिक आढळते. अशा खांद्याला ताकदीच्या व्यायामाआधी उपचार लागतात, त्यासाठी जवळच्या भौतिकोपचारतज्ज्ञाला किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील भौतिकोपचार विभागात दाखवावे. हालचाल पूर्ण होत असेल आणि केवळ हात वर नेतानाच दुखत असेल, तर वर सांगितलेले व्यायाम, जे सर्व खांद्याच्या उंचीखाली किंवा उताणे पडून करायचे आहेत, बहुधा सोसतात. व्यायामानंतर स्नायू दोन दिवस ठणकला तर चालेल. सांध्यात टोचल्यासारखी कळ आली किंवा रात्री त्या कुशीवर झोपता आले नाही तर चालणार नाही. आणि चवथीच्या फुगडीत समोरची जोडीदार तरुण आणि उत्साही असेल तर दुखऱ्या हाताची गिरकी तिला देऊ नये, ही सूचना आगाऊ वाटली तरी गणपतीनंतरच्या आठवड्यांत माझ्याकडे येणाऱ्या खांद्यांमुळेच करते आहे.

वाचकांतील ज्या स्त्रियांच्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांना पूर्वी त्या बाजूच्या हाताने वजन उचलायला सरसकट मनाई केली जात असे. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, देखरेखीखाली हळूहळू वाढवलेल्या वजनांनी हाताची सूज वाढत नाही असे दिसून आले, तेव्हापासून ही मनाई बरीच सैल झाली आहे. तरी सुरुवात आपल्या शल्यचिकित्सकांना विचारून आणि तज्ज्ञाच्या नजरेखालीच व्हावी. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असल्यास किंवा मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला इजा असल्यास नेत्रतज्ज्ञांच्या अनुमतीशिवाय वजन उचलू नये. ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत त्यांनी पाठ वाकवून जमिनीवरचे वजन उचलू नये. बाटल्या टेबलावर ठेवाव्यात. व्यायाम करताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणे, थंड घाम किंवा अकारण धाप लागली तर स्नायू दुखावला असेल असे मानून पडून राहू नये, 108 वर दूरध्वनी करावा. एकच हात अचानक सुजला तर तेही व्यायामाचे काम नाही, त्याच दिवशी डॉक्टरांचे आहे.

खाण्याकडे लक्ष दिले नाही तर वरील मेहनतीचे अर्धे फळ हातचे जाते. या वयात शरीराच्या दर किलो वजनामागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने असावीत असा तज्ज्ञांचा सल्ला आहे, म्हणजे 58 किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे 58 ते 70 ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हा आकडा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा. आपल्या गोमंतकीय ताटात दुपारी बांगडा किंवा इतर मासळी असते तेव्हा प्रथिने बरी मिळतात. शंभर ग्रॅम मासळीतून साधारण 20 ग्रॅम येतात. अडचण सकाळ-संध्याकाळची आहे. उकड्या तांदळाची पेज आणि लोणचे, चहा आणि उंडो (गोव्याचा पाव), रात्री उरलेला भात आणि थोडी आमटी, यांत स्नायूला लागणारे फारसे काही नाही. पेज सोडायला मी सांगणार नाही. तिच्या जोडीला एक अंडे किंवा मोड आलेल्या मुगांची वाटी असावी. सोमवारी शिवराक (शाकाहारी जेवण) असेल तेव्हा अळसांद्यांची (चवळीची) किंवा कुळिथाची भाजी भाताच्या बरोबरीने वाढून घ्यावी, चमचाभर नव्हे, आणि रात्री दूध किंवा दही घ्यावे. वजन कमी करायचे असल्यास ते सावकाश करावे, कारण साठीनंतर उपास काढून झटपट उतरवलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातो आणि दंड पूर्वीपेक्षा अधिक लोंबतो. श्रावणात चार किलो उतरवून आलेल्या आणि हातांकडे पाहून हिरमुसलेल्या स्त्रिया मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

आता लग्नाचे. चवथीनंतर सुरुवात केली तर आपल्याला जवळजवळ तीन महिने मिळतात. पहिल्या चार-सहा आठवड्यांत ताकद वाढलेली जाणवेल, पण ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूला अधिक चांगले राबवू लागल्यामुळे असते. आरशात काही दिसणार नाही आणि याच टप्प्यावर बहुतेक जणी कंटाळून सोडतात. स्नायूचा भराव दिसू लागतो तो आठ ते बारा आठवड्यांनी. तेव्हा दंडाची मागची बाजू हात ताठ केल्यावर टणक लागेल, बाजूने पाहता तिला थोडा आकार आलेला दिसेल, पण हात हलवताना त्वचेची थोडी हालचाल राहीलच. मोजायचे असेल तर खांद्याचे हाड आणि कोपराचे टोक यांच्या मध्यावर, हात सैल सोडून, चार आठवड्यांतून एकदाच टेप लावावी. आकडा न बदलण्याचीही शक्यता आहे, कारण स्नायू वाढतो आणि चरबी घटते तेव्हा घेर तोच राहू शकतो; भिंतीपासून ओट्यापर्यंत झालेली प्रगती वहीत लिहून ठेवणे अधिक उपयोगी. लग्नाचा ब्लाउज नोव्हेंबराच्या अखेरीस शिवायला टाकावा आणि बाहीला अर्धा इंच माया ठेवायला सांगावे.

व्यायामात खंड पडणारच. पाहुणे, जत्रा, सर्दी-ताप काही ना काही येतेच. एक आठवडा चुकला तर मागचेच वजन घेऊन पुढे चालू ठेवावे, चुकलेले दिवस एकदम भरून काढू नयेत. दोन-तीन आठवडे गेले किंवा तापातून उठला असाल, तर जेवण पूर्ववत होऊ लागल्यावरच सुरुवात करावी, बाटलीतले पाणी चौथा हिस्सा कमी करावे आणि पहिल्या दोन दिवशी प्रत्येक व्यायामाची एकच फेरी करावी.